मानाचा पहिला फेटा

माझ्या पेटीत पांढऱ्या टोप्यांची चळत हाय. कुठल्याबी लग्नाला जा, ह्यांना टोपी-टॉवेल, आणि माझ्या धाकट्या दिराला, कानिफनाथ भाऊजींना, फेटा! भाऊजी दूध संस्थेचे चेअरमन झाले, तवापासून माईकवाल्याला दुसरं डोकंच दिसत न्हाई. अरे, थोरलं कोण? पण हे आपले मिळालेली टोपी डोक्यावर दोन्ही हातांनी सारखी करणार, सगळ्यांना रामराम घालणार आणि पंगतीला जाऊन बसणार.

बरं, तेवढंच असतं तर सोसलं असतं. पण नवऱ्याला फेटा बांधत असले की माझी जाऊ ज्ञानेश्वरी पदर सावरत मागं वळती आणि नेमकी माझ्याकडं बघती. जळतं माझं, खोटं कशाला बोलू? अंगाची नुसती लाहीलाही होती. त्यातल्या दोन-चार टोप्या उसवून मी तवा पुसायची फडकी केली, तरी जीव थंड झाला न्हाई.

गेल्या महिन्यात नणंदेच्या पोरीचं, निकिताचं, कर्जतला लग्न हुतं. हे नवरीचे थोरले मामा. म्हणलं, बास झालं. भाचीच्या मांडवात तरी भावाशेजारी टोपी घालून बसायचं न्हाई. कर्जतच्या स्टँडजवळ एक फेटेवाला बसतो. त्याच्याकडनं केशरी, जरीकाठाचा फेटा घेतला आणि तिथंच ह्यांना स्टुलावर बसवलं.

"अगं, मांडवात बांधत्यात की," हे म्हणाले.

"बांधत्यात, तुमच्या भावाला! गप बसा आणि मान हलवू नका."

मांडवात शिरलो तशी माणसं वळून वळून बघाय लागली. भाऊजी अजून बोडकेच हुते. ज्ञानेश्वरीनं डोळे एवढे मोठे केले. "अगं बाई, दादा किती शोभत्यात!" म्हणाली. मी वरवर हसले. मनात म्हणलं, जळ आता तू. कितीतरी वर्सांनी मला खुर्चीत नीट टेकून बसता आलं.

अक्षतांच्या आधी मानपान सुरू झालं. नवऱ्यामुलाचे वडील ताट घेऊन उभे राहिले, संगं फेटेवाला. माईकवाला वरडला, "मानाचा पहिला फेटा, नवरीचे थोरले मामा, आप्पासाहेब!"

पहिला? आमचा?

फेटेवाला लाल फेटा उलगडत ह्यांच्यापुढं आला आणि थांबला. "यांना बांधलेला हाय की," म्हणाला. फेट्यावर फेटा बांधत न्हाईत, आणि शुभकार्यात बांधलेला फेटा आमच्यात कुणी सोडत न्हाई. चारचौघांत डोकं मोकळं करायचं म्हंजे अपशकुनच. व्याही गोंधळले. मग म्हणाले, "बरं, धाकट्या मामांना बांधा."

"नको, नको," भाऊजी मागं सरले. "दादाचा मान हाय त्यो."

"बस रे," हे म्हणाले. "व्याह्यांना ताटकळत ठेवू नये." आणि भावाचा दंड धरून ह्यांनीच त्याला स्टुलावर बसवला.

मी ज्ञानेश्वरीकडं बघितलं. आज ती मागं वळली न्हाई. वळली असती तर बरं झालं असतं, निदान तिला मनात दोन शिव्या तरी घातल्या असत्या.

तेवढ्यात बनुबाई वन्सं तरातरा आल्या. नवरीची आई, डोळ्यांत पाणी आणि आवाज चढलेला. "दादा, पहिला मान तुझाच पायजे म्हणून मी पावन्यांशी किती भांडले! चेअरमन असू दे न्हाईतर कुणी असू दे, थोरला त्यो थोरला, म्हणलं. आणि तू बाहेरनंच बांधून आलास? कुणी सुचवलं तुला हे?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलंसुदीक न्हाई.

"मलाच हौस आली गं, बनू."

मांडव हसला. "मामांना लईच घाई!" मागनं कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हसू उसळलं. आयुष्यात कधी कशाची हौस न केलेला माझा नवरा, त्याला सगळे हसत हुते. हेबी हसले. मग सवयीनं टोपी सारखी कराय ह्यांचे दोन्ही हात डोक्याकडं गेले, जरीला लागले, आणि तसेच खाली आले.

मला त्या हातांकडं बघवंना.