पातळ सूप आणि सोन्याची पिन

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, अशी बर्गलची गत झाली होती. एके काळी तिच्या घराच्या सहाही खोल्या डिसेंबर ते मार्च पाहुण्यांनी भरलेल्या असत. मग डोंगरातल्या त्या हिंटरयोख गावात मोठी हॉटेलं झाली, गरम पाण्याचे तलाव झाले, स्कीसाठी डोंगरावर चढणाऱ्या पाळण्यापर्यंत नेऊन सोडणाऱ्या बसगाड्या आल्या, आणि पाहुणे एकेक करून तिकडे गेले. राहिलं एकच कुटुंब. जर्मनीतल्या वोल्फनब्युटलचे ल्यूडेमान, त्यांची बायको आणि मुलगी. फेब्रुवारीत एक आठवडा. त्या आठवड्यासाठी बर्गलला अख्खा हिवाळा घर तापतं ठेवावं लागे, नाहीतर नळ गोठून फुटायचे.

नवरा एंगेलबर्ट जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि तिचे गुडघे आता जिन्यावर बोलायला लागले होते. तिला घर बंद करून फेब्रुवारीत इटलीत समुद्रावर जायचं होतं, काओर्लेला. उन्हाळ्यात काय, तिकडे अर्धं गाव जातं. हिला ऐन हिवाळ्यातच जायचं होतं, कारण जन्मभर हिवाळा म्हणजे दुसऱ्यांसाठी सूप वाहणं. घरमालकिणीने पाहुण्यांच्या टेबलाशी बसायचं नाही, स्वयंपाकघरात उभ्याने चार घास खायचे, ही तिथली रीत. एकदा तरी दुसऱ्याने केलेलं सूप खुर्चीवर बसून प्यावं, एवढंच बाईंचं मागणं होतं.

मग त्या लोकांना सरळ ‘येऊ नका’ म्हणून सांगायचं की. पण ते हिंटरयोखमध्ये जमत नाही. जुन्या पाहुण्याने दुसरं घर निवडलं तर निवडलं, घरमालकिणीने मात्र तोंडातून ‘नको’ काढायचा नाही. वरच्या आळीतल्या एका बाईने काढला होता. ती वारली, तिचा मुलगा म्हातारा झाला, तरी नातवाला अजून ‘हाकलणारीचा’ म्हणूनच ओळखतात. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, पण बर्गलच्या बाबतीत दोघी बहिणी एकत्रच नांदत होत्या.

तेव्हा तिने ठरवलं, पाहुण्यांनाच कंटाळा आणायचा.

एका वर्षी तिने सूप पातळ केलं. इतकं, की वाडग्याच्या तळावरचं फुलाचं चित्र स्वच्छ दिसावं. ल्यूडेमानांनी चमचा तोंडात घातला, क्षणभर थांबले आणि म्हणाले, “चांगलंय.” दुसऱ्या वर्षी तिने त्यांना चर्चच्या घंटेला लागून असलेली खोली दिली. “वा,” ते सकाळी म्हणाले, “झोपून राहायची भीतीच नाही.” नंतरच्या वर्षी बकरी जिन्याखाली बांधली. बकरीने ल्यूडेमानबाईंचा एक हातमोजा खाल्ला. बाईंनी बकरीच्या डोक्यावरून दुसरा हात फिरवला आणि म्हणाल्या, “किती मायाळू आहे हो.”

मुलीची, विबकेची, तर गोष्टच वेगळी. ती पहिल्यांदा आली ती कडेवर. तिच्यासाठी एंगेलबर्टने एक छोटी खाट केली होती. विबके वाढली, खाट वाढली नाही. बर्गलला वाटे, मुलीला तीच आवडते. मुलगी काही बोलत नसे. खाटेबाहेर येणाऱ्या पायांखाली तिने एक स्टूल ठेवलं होतं आणि दर वर्षी ते थोडं लांब सरके. आता ते जवळपास दारात आलं होतं.

शेवटी बर्गलने दुसरी युक्ती काढली. या वर्षी ते आल्या आल्या ती त्यांना म्हणाली, “चला, तुम्हाला गावातलं नवं काय काय ते दाखवते.” आणि एकेका हॉटेलात घेऊन गेली.

ल्यूडेमान गादीची परीक्षा फार गांभीर्याने घेत. आधी तळहाताने दाबायची, मग कोपराने, मग डोळे मिटून गुडघ्याने. “उत्तम गादी,” ते म्हणत. खिडकीतून बघत. “उत्तम डोंगर.” आणि मग बर्गलकडे वळून, “पण तुमच्याकडची सर नाही, बर्गलबाई.”

“गरम पाण्याचा तलाव आहे इथे,” बर्गल म्हणाली.

“आम्हाला पाणी सोसत नाही,” ल्यूडेमान म्हणाले.

बर्गलने मागे पाहिलं. ल्यूडेमानबाई तलावाच्या काठाशी उकिडव्या बसल्या होत्या. त्यांचा हात कोपरापर्यंत गरम पाण्यात होता आणि तो त्या काढत नव्हत्या. नवऱ्याने दोनदा हाक मारली तेव्हा उठल्या, आणि घरी पोचेपर्यंत ती ओली बाही त्यांनी पिळली नाही.

त्याच संध्याकाळी सेराफिन आला. सेराफिन म्हणजे गावच्या पर्यटन मंडळाचा प्रमुख, बर्गलचा शाळासोबती. येतानाच हसत आला, तेव्हाच हिने ओळखलं की काहीतरी गळ्यात पडणार.

“बर्गल, यंदा ल्यूडेमानांचं पंचविसावं वर्ष,” तो म्हणाला. “सोन्याची पिन. पंचवीस वर्षं एकाच घरी येणाऱ्या पाहुण्याला देतात ती, आणि आपल्या गावाला आजवर एकही लागली नाही. पलीकडच्या गावात तीन आहेत, तीन. त्यांचा तो जाडा प्रमुख मला भेटला की स्वतःच्या कोटाची कॉलर चोळतो.”

“मला घर बंद करायचंय, सेराफिन.”

“कर की. कोण नाही म्हणतंय? पण समारंभानंतर.”

“समारंभात तोच प्रश्न विचारणार ना तू?”

सेराफिनने खिडकीबाहेर पाहिलं. “रीतच आहे ती. मी काय करू?”

रीत अशी, की पिन लावण्याआधी साऱ्या गावासमोर पाहुण्याला विचारायचं, “पुढल्या हिवाळ्यात कुणाच्या घरी?” पाहुणा घरमालकिणीचं नाव घेतो. घरमालकिणीने म्हणायचं, “दार उघडं आहे.” मग दोघांनी पाइनच्या बोंडांच्या दारूचा प्याला रिकामा करायचा. एकदा तो रिकामा झाला की पुढच्या वर्षी दार उघडावंच लागतं, मग घरात आग लागलेली असो की मयत. आणि पंचविसाव्या वर्षानंतर तिसाव्याची हिऱ्याची पिन असते, हे सेराफिनने जाता जाता सांगितलं. तो तिला दिलासा देत होता.

बर्गल स्वयंपाकघरात उभी राहून हिशोब करू लागली आणि मध्येच तिने तो सोडून दिला. हिऱ्याच्या पिनेपर्यंत ती जगली असती, गुडघे नसते जगले. काओर्लेचा समुद्र त्या एका प्याल्यात बुडणार होता.

शेवटच्या दिवशी गावच्या सभागृहात बँड उभा राहिला. सगळे ठेवणीतल्या कपड्यांत. वर्तमानपत्राचा फोटोवाला शिडीवर. सेराफिनच्या हातात मखमली डबी. तुतारीवाल्यांनी गाल फुगवून एक धून वाजवली, मग सेराफिनने घसा साफ केला.

“ल्यूडेमान कुटुंबीयहो, पुढल्या हिवाळ्यात कुणाच्या घरी?”

ल्यूडेमान उठले. त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने आपल्या बाहीकडे पाहिलं. विबकेने छताकडे. “बर्गलबाईंच्या घरी,” ते म्हणाले. आवाज असा, की दाताच्या डॉक्टरकडची वेळ सांगत असावेत.

बर्गल प्याला घेऊन उभी राहिली. तिला तो नातू दिसला, मागच्या बाकावर बसलेला, हाकलणारीचा. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. तो चक्क आशेने पाहत होता.

“दार बंद आहे,” बर्गल म्हणाली.

सगळ्यात मोठ्या भोंग्यावाल्याने पुढच्या धूनसाठी श्वास भरलेला होता. तो त्याला परत घेता येईना, म्हणून त्या शांततेत एक लांब, जाड सूर बराच वेळ चालू राहिला.

“अगं, उघडं. ‘उघडं’ म्हणायचंय,” सेराफिन कुजबुजला.

“काय म्हणायचं असतं ते मला ठाऊक आहे. बंद आहे. माझे गुडघे गेलेत. मला समुद्र बघायचाय.”

ल्यूडेमानबाईंच्या डोळ्यांतून टपाटप पाणी वाहू लागलं. ‘मेले मी,’ ती मनात म्हणाली, ‘माझ्या सात पिढ्यांना हाकलणारीच्या म्हणतील.’

“नक्की बंद?” ल्यूडेमानबाईंनी विचारलं.

“नक्की.”

“पुढच्या वर्षी उघडणार नाही ना परत?”

“नाही.”

“देव तुमचं भलं करो,” असं म्हणून बाईंनी डोळे पुसले.

“म्हणजे ती खाट आता नाही?” विबके उठून उभी राहिली. उभीच होत राहिली, केवढी तरी.

“तुला आवडते ना ती?” बर्गल म्हणाली.

“मावशी, माझ्याकडे बघा जरा.”

बर्गलने पाहिलं, आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदाच पाहिलं. मग ती ल्यूडेमानांकडे वळली. “मग येत का होता तुम्ही?”

ल्यूडेमान टाय सैल करत होते. “एंगेलबर्ट गेले ना, त्या वर्षी आम्ही त्या तलावाच्या हॉटेलात खोल्या ठरवल्या होत्या. मग हिच्या मनात आलं, बाकीचे सगळे गेलेच आहेत. आपणही गेलो तर बाईंचा फेब्रुवारी कसा सरायचा? त्यांना किती हौस आहे आपली. मग त्या खोल्या रद्द केल्या.”

“हौस,” बर्गल म्हणाली. “आणि सूप?”

“सूप भयंकर होतं हो, बाई. आम्हाला वाटायचं, तुमची ओढाताण चाललीय. मग कसं बोलणार?”

बर्गलला आधी संताप आला. एवढी लाकडं, एवढे जिने, ती बकरी. एक शब्द, कुणीतरी एक शब्द बोलायचा होता. मग तिला आठवलं की तो शब्द तिच्याकडेही होता. एंगेलबर्टनंतरचे ते सगळे फेब्रुवारी तिला आठवले. घरात तीन माणसांचे ओले बूट असायचे, कुणीतरी ‘चांगलंय’ म्हणायचं. आणि ती तिथेच, सगळ्या गावासमोर, प्याला हातात धरून रडली.

“पिनेवर यांचं नाव कोरलंय,” सेराफिन कळवळून म्हणाला. “मी आता करू काय?”

ल्यूडेमानांनी डबीतली पिन उचलली आणि बर्गलच्या ठेवणीतल्या कपड्यावर लावली. “आम्ही आठवडाच काढायचो,” ते म्हणाले. “तुम्ही आमच्यापायी हिवाळाच्या हिवाळा काढलात.” फोटोवाल्याने चाप दाबला. पिन गावातच राहिली हे ध्यानात आल्यावर सेराफिनने बँडला खूण केली, आणि कॉलर चोळायची सवय करायला लागला, जरी पिन त्याच्या कॉलरवर नव्हती.

पुढच्या फेब्रुवारीत बर्गल काओर्लेला गेली. समुद्र राखाडी होता आणि हॉटेल रिकामं. गादी मऊ, पाणी कढत. वेटरने तिच्यापुढे सूप ठेवलं, तेव्हा ती खुर्चीवर ताठ बसली. सूप इतकं दाट होतं की चमचा उभा राहिला. जन्मभर वाट पाहिलेलं सूप. दोन दिवस ती ते बसून प्यायली आणि दोन्ही दिवस ते घशात अडकलं. बोलायला कुणी नव्हतं, चिडायलाही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मागून आवाज आला, “आधी गादी दाबून बघू का?”

तिने वळून पाहिलं. ल्यूडेमान, त्यांची बायको, विबके. बाहेर त्यांच्या गाडीच्या टपावर स्की बांधलेल्या होत्या.

“समुद्रावर स्की?” बर्गल म्हणाली.

“सवय हो,” ल्यूडेमान ओशाळून म्हणाले. “यंदा कुठे उतरायचं ते ठरेचना. किती हॉटेलं पाहिली. एकीकडे ही नाही म्हणे, एकीकडे मी. शेवटी विबके म्हणाली, बर्गलमावशी कुठे उतरल्यात ते सेराफिनला विचारा.”

बर्गल घाईने उठली. टेबलावर वाडगे कमी होते.

“बसा,” ल्यूडेमानबाई तिचा हात धरून म्हणाल्या, आणि स्वतःच जाऊन वाडगे घेऊन आल्या.

बर्गल बसली. चौघं एका टेबलाशी. ल्यूडेमानांनी चमचा तोंडात घातला, क्षणभर थांबले आणि म्हणाले, “चांगलंय.”

तो सूर आता बर्गलला पक्का कळत होता. “खरं सांगा.”

“फार दाट आहे, बाई.”

“माझ्याही घशाखाली उतरत नाही,” ती म्हणाली. वेटरकडून तिने कढत पाण्याचा जग मागवला आणि बसल्या जागेवरूनच चारही वाडग्यांत ओतू लागली, तळाचं चित्र दिसेपर्यंत.