थरथरती खुर्ची

आमच्या यांनी छत्तीस वर्षं बस चालवली. आता त्यांना घरातलं न्हाणीघर सापडत नाही. हे विसरण्याचं दुखणं आहे, वेड नव्हे. शेजारणीला मी हे दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा तोंडावर दार लावलं.

संध्याकाळ झाली की हे दाराशी जाऊन धडका मारतात. अडवलं तर ढकलतात. मागच्या महिन्यात सूनबाईला ढकललं, तिचं मनगट सुजलं. मुलाने लगेच कुठल्याशा संस्थेचा फॉर्म आणला.

"आई, बाबांना तिकडेच ठेवू. तुला झेपत नाही."

"बापाला कुलपात घालायला निघालास? मला काय झेपतं ते तुला वाढवताना सगळ्या गल्लीने बघितलंय."

सूनबाई म्हणाली, "डॉक्टरांनी तो आवाजाचा आणि थरथरीचा उपचार सांगितलाय, तो तरी करून बघू." मनगट तिचं होतं, त्यामुळे मुलाला ऐकावं लागलं. तीनदा न्यायचं ठरलं. तरी शांत बसले नाहीत, तर फॉर्मवर माझा अंगठा. सही येते मला, पण तो अंगठाच म्हणाला.

उपचाराच्या खोलीत एक जाड गादीची खुर्ची होती. बटण दाबलं की आतलं यंत्र घुंघुं करतं आणि पाठीपासून तळव्यापर्यंत थरथर जाते. तिथली मुलगी म्हणाली, "आजी, दुखणं याने बरं होत नाही हं. काही जणांचा जीव थोडा शांत होतो, इतकंच." खरं बोलणारी पोर. मला पटली.

पहिल्या दिवशी हे दोन मिनिटं बसले. मग मान मागे वळवून ओरडायला लागले. मुलीने घाबरून बटण बंद केलं, तर हे जास्तच भडकले आणि उतरून खुर्चीखाली वाकून बघू लागले. दुसऱ्या दिवशी आवाज कमी करून झाला. तरी तेच.

तिसऱ्या दिवशी मी यांच्या तोंडाकडे बघितलंच नाही, पायांकडे बघत बसले. डावा पाय खाली दाबलेला, उजवा अधांतरी. हात पुढे, काहीतरी गोल धरल्यासारखे. आणि मागे बघून आरडाओरडा, "अरे, झोपलास का?"

मुलगी बटणाकडे निघाली.

"हात लावू नकोस!" मी म्हटलं. "इंजिन चालू आहे, गाडी उभी आहे आणि कंडक्टर बेल देत नाही. माणूस ओरडेल नाहीतर काय करेल? आणि तू भर रस्त्यात इंजिन बंद करतेस!"

बेलशिवाय गाडी हलवायची नाही, हा यांचा नेम. एकदा मीच गाडीत होते, मला माहेरी पोचायची घाई होती, तरी हलले नव्हते. बायको असलीस तरी घरी, म्हणाले.

मी टेबलावरचा स्टीलचा पेला उचलला, खुर्चीच्या मागे उभी राहिले आणि किल्लीने वाजवला. टण, टण.

क्लचवरचा डावा पाय अलगद वर आला. खांदे उतरले. हे समोर बघत राहिले, हात अधूनमधून जरासे वळवत. मुलगा आणि सूनबाई दारात उभे होते, मुलगा आत येऊन स्टुलावर बसला.

थोड्या वेळाने यांनी विचारलं, "बाई, तुम्ही नवीन का?"

"हो, उस्ताद."

"घर कुठे?"

"तुमच्याच वाटेवर."

"मग बरोबर जाऊ. पण उशीर करू नका. आमची घरची फार कडक आहे."

"असायलाच हवी," मी म्हटलं. छत्तीस वर्षं घरात माझ्याच बेलवर चालले. आता ओळखत नाहीत, तर नाहीत.

वीस मिनिटांनी मी गाडी थांबवायचा एकच टोला दिला, मग मुलीने बटण बंद केलं. हे मुकाट उतरले आणि बिस्किट मागितलं.

मुलगा म्हणाला, "अशी खुर्ची घरी भाड्याने मिळते का?" फॉर्मचं नाव काढलं नाही, मीही काढू दिलं नाही.

"पण रोज संध्याकाळी, आई? तेव्हाच तुमचा स्वयंपाक असतो," सूनबाई म्हणाली. "मला द्या तो पेला. मी देईन बेल."

"आधी माझ्यासमोर देऊन दाखव," मी म्हटलं. "आणि घाई नको. लोक चढत असतात."