तरंगते खडे

सकाळी सातलाच खडेबाबाच्या दाराशी शंभरेक माणसं जमली होती. प्रत्येकाच्या हातात काचेची बरणी, बरणीत पाणी आणि पाण्यावर तरंगणारे हिरवे गोळे. बाबाच्या औषधाने पोटातून पडलेले पित्ताचे खडे म्हणे! लेकराचे मार्क दाखवावेत तशी माणसं ते एकमेकांना दाखवत होती.

"तुझे किती?"

"चाळीस."

"माझे साठ पडले, ताई."

साबणाच्या कारखान्यात कढईवर काम करणारी थोरली धाकट्या बहिणीला धरून उभी होती. धाकटीला धड उभं राहवत नव्हतं. आठ दिवस उपास, शुगरच्या अन् थायरॉईडच्या गोळ्या बंद, रोज झोपताना वाडगाभर तेल आणि लिंबाचा रस. आज अंगात ताप होता, हुडहुडी भरली होती. पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन टळेल म्हणून तिला इथं आणलं होतं थोरलीनेच, आणि तेच तिला आतून खात होतं.

"बाबा, हिचे डोळे पिवळे झालेत."

"विष सोनं होऊन निघतंय, माई. उद्या नव्वद पडतील." बाबाच्या जिभेला हाड नव्हतं.

तेवढ्यात धाकटी कोलमडली. तिला सावरताना बरणी कलंडली आणि एक गोळा थोरलीच्या तळहातावर आला. तिने तो चोळला. वीस वर्षं कढई खरवडणाऱ्या बोटांनी तो लगेच ओळखला. चहावाल्याकडून तिने पेलाभर उकळतं पाणी घेतलं आणि गोळा आत टाकला. तो विरघळला, वर हिरवट तवंग आला.

"दगड कधी वितळतो का? हा साबण आहे. पाजलेलं तेलच पोटात साबण होऊन बाहेर पडतंय. जितकं तेल, तितके खडे."

"अश्रद्धेच्या हातात देवही वितळतो," बाबा शांतपणे म्हणाला. माणसांनी माना डोलावल्या. रांग पुढे सरकली.

थोरलीने बहिणीला उचलून थेट दवाखाना गाठला.

"पित्ताच्या नळीत खडा अडकून पू झाला होता," डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या. "तीन बाळंतपणं, शुगर, थायरॉईड, यांनी खडे व्हायला वावच मिळतो. त्यात उपासाने वजन भराभर उतरलं की आणखी होतात. उद्या आणली असती तर आम्ही हात टेकले असते."

ऑपरेशनमध्ये काढलेला हरभऱ्याएवढा तो खडा थोरलीने उकळत्या पाण्यात टाकून पाहिला. तसाच राहिला.

धाकटी वाचली. खडेबाबाने गल्ली बदलली, रांग मात्र तेवढीच. थोरली रोज कामावर जाण्याआधी थर्मास अन् पेला घेऊन तिथं उभी राहते. "माझ्यावरही विश्वास ठेवू नका. एक खडा यात टाका, डोळ्यांनी बघा, मग आत जा."

बहुतेक जण नजर चुकवतात. काल एक बाई थांबली आणि तिने बरणीचं झाकण उघडलं.