भामाबाईला हाक

भामाबाईला सांगलीच्या दवाखान्यात आणलं ती चैत्रातली दुपार होती. साल सेहेचाळीस. ऊन इतकं पांढरं पडलं होतं की कृष्णेचा काठ, बाभळी, पलीकडचे उसाचे फड सगळं दुधात विरघळल्यासारखं दिसत होतं. जतकडच्या माळावरून आधी बैलगाडीनं, मग छोट्या रेल्वेनं तिला आणलं होतं. सोबत नवरा, हरिबा. मेंढरांमागं हिंडून काळवंडलेला, साठीचा माणूस.

"अंगावरनं वारं गेलं, बाई," तो नर्सला म्हणाला. "मेंढरास्नी पानी दावत हुती. तशीच खाली बसली, न् आडवी झाली."

नर्स होती शालूबाई, मूळची मेढ्याची. दवाखान्यात नऊ वर्षं झाली होती. ती लगेच हात लावत नसे. आधी खाटेशेजारी उभी राहून नुसता श्वास बघायची. मग हाक. "भामाबाई, अहो भामाबाई!" हाकेला ओ नाही, तर खांदा हलवायचा. तेही नाही, तर नखावर पेन्सिल दाबायची. त्या दिवशी पेन्सिल दाबल्यावर भामाबाईनं डावा हात ओढून घेतला. उजवा तसाच पडून राहिला. बॅटरीच्या उजेडानं दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या सारख्याच आकसल्या. शालूबाईनं कागदावर तसं लिहिलं आणि दर तासाला लिहीत राहिली.

दुसऱ्या दिवशी हाकेसरशी डोळे उघडले. पण ते डोळे शालूबाईच्या पलीकडं कुठंतरी लांब बघत होते, धुक्यातून कुणी येतंय का ते बघावं तसे. "हात वर करा. जीभ दाखवा." काहीच नाही. ओठ मात्र हलत होते. एक गुणगुणणं, अर्धवट, पाण्याखालून आल्यासारखं. वारा पडलेला, वॉर्डातले पडदे स्थिर, आणि ते गुणगुणणं. ऐकता ऐकता शालूबाईलाच गुंगी यायची.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेब आले. त्यांनी दोनदा हाक मारली, दोनदा सांगून पाहिलं.

"सांगितलेलं कळत नाही. बडबड असंबद्ध. शुद्ध हरपत चालली आहे. घरी न्यायचं असेल तर नेऊ द्या."

ते बोलत असतानाच भामाबाईच्या डाव्या हातानं चाचपडत पदराचं टोक शोधलं आणि डोक्यावर ओढलं.

"साहेब, शुद्ध नसती तर पदर घेतला असता?" शालूबाई म्हणाली.

"हाताची सवय असते ती." ते पुढच्या खाटेकडं गेले.

शालूबाई तिथंच बसली. सवय असेल. पण परक्या पुरुषासमोरच हाताला सवय आठवावी? कागदावर 'सांगितलेलं करत नाही' असं तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. करत नाही की कळत नाही, हे तिनं कुठं तपासलं होतं? तिनं कान भामाबाईच्या ओठांपाशी नेला.

"हरिबा, ह्या 'नीरु, नीरु' असं काय म्हणतायत?"

खाटेच्या पायथ्याशी बसलेला हरिबा उठून आला, त्यानंही कान लावला.

"पानी मागतीया," तो म्हणाला. "कानडीत. हिचं म्हायार तिकडं, विजापूरच्या अंगाला. धा वर्साची आली आमच्या घरात. तवा हेच बोलायची. माजी आई लय तापट. कानडी बोलली की जेवान न्हाई. वरीसभरात इसरली बगा. पन्नास वर्सं झाली, एक शबूद न्हाई काडला तोंडातनं."

"तुम्हाला येतं?"

"मेंढरं इकायला अथणीच्या बाजारात जातो. तेवडंच, मोडकंतोडकं."

"हात वर कर, असं म्हणा."

हरिबा वाकला. बाजारात भाव करणारा त्याचा आवाज एकदम बारीक झाला.

"भामा. कै एत्तु."

भामाबाईची नजर हळूहळू लांबून परत आली. खूप दूरच्या पायवाटेवरून एखादी बाई चालत येते, आधी ठिपका, मग चेहरा, तशी. ती हरिबाच्या तोंडावर थांबली. डावा हात वर उठला.

शालूबाईनं स्वतः ते शब्द म्हटले. उच्चार चुकला असावा, कारण भामाबाईच्या ओठांची डावी कड हसल्यासारखी हलली. पण हात पुन्हा वर गेला. चमच्यानं पाणी दिलं. ठसका न लागता गिळलं. मग शालूबाई धावतच डॉक्टरसाहेबांकडं गेली. ते आले, हरिबाकडून ते दोन शब्द म्हणवून घेतले, हात वर जाताना पाहिला आणि घरी न्यायची लिहून ठेवलेली चिठ्ठी फाडून टाकली.

भामाबाई पाच आठवडे राहिली. उजवा हात आला नाही. पाय ओढत चालू लागली. मराठी तुकड्यातुकड्यानं परतली. एकदा तिनं शालूबाईला सांगितलं, की त्या तीन दिवसांत ती एका तळ्याकाठी होती, आई लोकर धूत होती, आणि सगळी माणसं तिला न कळणाऱ्या भाषेत लांबून बोलवत होती.

निघायच्या सकाळी ती हरिबाशी भरभर कानडीत काहीतरी बोलली. त्याला त्यातलं अर्धंही कळलं नाही. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"हळू सांग," तो म्हणाला. "गाडीला लय येळ हाय. परत पयल्यापासनं सांग."