दहाच्या दहा

त्याला सगळे वकील म्हणत. कोर्टाची पायरी तो आयुष्यात दोनदाच चढला होता, तीही तिथल्या मोडक्या खुर्च्या विणायला आणायच्या होत्या म्हणून. पण बोलण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याचा निकाल लागलेला असायचा. जुन्या सरकारी छापखान्याच्या तळमजल्यावर वेताच्या खुर्च्या विणणारे बारा जण होते. त्यांतल्या अकरांना अजिबात दिसत नव्हतं, बाराव्याला थोडंसं दिसायचं. या बारांच्या वतीनं तीस वर्षं वकीलच बोलत आला होता, आणि बाकीच्यांना बोलायची सवय राहिली नव्हती.

बाराव्याचं नाव वकिलानं 'राजा' ठेवलं होतं. आंधळ्यांच्या राज्यातला काणा राजा. त्याला एका डोळ्यानं मोठ्या वस्तू कळायच्या, रंग कळायचे, अक्षरं लागायची नाहीत. "या राजे, आज काय काय पाहून आलात?" असं वकील रोज सकाळी विचारायचा आणि सगळे हसायचे. राजाही हसायचा, कारण न हसून जाणार कुठं. संध्याकाळी मात्र इमारतीसमोरचा रस्ता ओलांडायला राजाच लागायचा. गावात बाकी कुठंही ही माणसं काठी टेकत एकटी जात, पण त्या रुंद रस्त्याला ना सिग्नल होता ना वाहनांना धरबंध. राजाच्या खांद्यावर एकाचा हात, त्याच्या खांद्यावर दुसऱ्याचा, अशी रांग निघायची. पहिला हात अर्थातच वकिलाचा असायचा.

छापखाना बंद पडला आणि नगरपालिकेनं त्या इमारतीचं कलाघर करायचं ठरवलं. नाच, नाटक, चित्रं, चहा-कॉफी. कुठल्या दालनात काय असावं यावर लोकांच्या हरकती आणि सूचना मागवल्या. आता लोकांना लिहायचा कंटाळा, आणि साहेबांना वाचायचा. म्हणून प्रवेशाच्या व्हरांड्यात आठ मोठी चित्रं आणि नियमांची एक पाटी टांगली. हवं ते सांगायला चित्रावर टिकली चिकटवायची, कागदाची, गोल, नखाएवढी. आठांतलं एक चित्र वेतकामाचं होतं. ते निवडून आलं तर तळमजला त्यांचा राहणार होता. नाहीतर शहराबाहेरचं एक गोदाम, दोन बस बदलून. बारांतल्या सहांना तेवढा प्रवास झेपणारा नव्हता. म्हणजे त्यांचं काम सुटणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

टिकल्या द्यायला नगरपालिकेची एक मुलगी आली. नोकरीचा दुसराच आठवडा.

"ही – पट्टी – आहे," ती ओरडून म्हणाली.

"बाई, डोळे गेलेत. कान शाबूत आहेत," वकील म्हणाला. हशा पिकला. मुलीचा आवाज एकदम खाली आला.

"सॉरी. प्रत्येकाला दहा टिकल्या. दोन ओळी आहेत. वरच्या ओळीतल्या पाच..."

"दहा ना? कळलं. आम्हाला दहापर्यंत मोजता येतं. या खुर्चीच्या चौकटीला भोकं किती, सांगता?"

"नाही."

"बहात्तर. एक चुकलं तर अख्खी वीण उसवावी लागते. आम्हाला मोजायला शिकवू नका. आमचं चित्र कुठलं तेवढं दाखवा आणि निघा."

मुलीनं त्याचा हात धरून चित्रावर ठेवला. डावीकडून तिसरं, पाण्याच्या नळाशेजारी. मग ती निघून गेली. कान लाल झाले असतील तिचे, पण ते बघायला राजाशिवाय कोण होतं.

वकिलानं सगळ्यांना ओळीत उभं केलं. "नीट ऐका. लोक उदार होतात, दोन इकडे लावतात, दोन तिकडे. आपण उदार व्हायचं नाही. दहाच्या दहा आपल्याच चित्रावर."

"वकीलसाहेब, टिकल्या दोन रंगांच्या आहेत," राजा म्हणाला.

"रंग तुमच्यासाठी राजे. आमच्यासाठी टिकली ती टिकली."

"तसं नाही. लाल आहे ना, ती बहुतेक..."

"बहुतेक? पाटीवर काय लिहिलंय ते वाचता येतं तुला?"

"नाही."

"मग तुझं बहुतेक घरी ठेव आणि गप बस."

पुन्हा हशा. राजा गप बसला. अकरा जणांनी आपल्या दहाच्या दहा टिकल्या नेमक्या जागी चिकटवल्या. बोटं कसलेली, एकही वाकडी लागली नाही.

पुढचे आठ दिवस वकील हवेत होता. रोज जेवणाच्या सुट्टीत तो व्हरांड्यात जाऊन आठही चित्रं बोटांनी वाचायचा. नाटकाच्या चित्रावर तुरळक टिकल्या. कॅफेवर बऱ्या. आणि आपल्या चित्रावर बोट टेकायला जागा नाही. अनोळखी लोकही येऊन लावून जात होते. ज्यांच्या घरच्या, शाळेतल्या, दवाखान्यातल्या खुर्च्या यांनी विणल्या होत्या, तेच असणार. नाचाच्या बाई तळमजल्याची मापं घ्यायला आल्या, तेव्हा वकिलानं त्यांना दारातूनच परत पाठवलं. "बाई, दुसरं अंगण शोधा. वाकडं असलं तरी चालवून घ्या." आणि राजाला म्हणाला, "तुझ्या अर्ध्या डोळ्यापेक्षा माझी दहा बोटं बरी."

राजानं वेताची मोळी पाण्याच्या पिंपात बुडवली आणि वर दगड ठेवला.

निकाल दुपारी वरच्या मजल्यावर जाहीर झाला. साहेबांचा आवाज गोड होता, कोणाचं वाईट करताना असतो तसा.

"वेतकामाच्या दालनाला हिरव्या टिकल्या सर्वांत जास्त. एकशे बारा." टाळ्या झाल्या. वकील उठून उभा राहिला. "परंतु लालही सर्वांत जास्त. एकोणसाठ. नियमाप्रमाणे वीसच्या वर लाल गेल्या की पर्याय बाद होतो."

"लाल म्हणजे काय?" वकिलानं विचारलं.

सभागृहात कोणीतरी हसलं. मग ती मुलगी हळूच म्हणाली, "हिरवी म्हणजे हवं. लाल म्हणजे नको. मी सांगत होते."

वकील साहेबांच्या आवाजाच्या दिशेनं वळला. "साहेब, त्या आमच्या आहेत. आम्हीच लावल्यात. चुकून."

"कोणी कुठली लावली हे आम्ही पाहत नाही. मत गुप्त असतं," साहेब म्हणाले. "आणि तुमच्यातल्याच काहींना हे दालन नको असेल, तर त्यांच्या मताचाही मान राखायला हवा. पण निराश होऊ नका. तुमची एक खुर्ची आम्ही प्रवेशाशी काचेच्या पेटीत ठेवणार आहोत. लोकांना पाहायला."

खाली येऊन सगळे आपापल्या जागी बसले. पिंपात पाणी ठिबकत होतं. मग मावशी, तिथली सगळ्यांत जुनी विणकर, म्हणाली, "मला त्या गोदामापर्यंत जाववणार नाही. हे झालं कसं?"

एवढंच उत्तर द्यायचं होतं, माझ्यामुळं झालं. तीस वर्षं चाललेल्या जिभेला ते दोन शब्द जड झाले. आपणच आपल्या पायावर धोंडा मारला, हे वकिलाला जिना उतरतानाच कळलं होतं. बाकीच्या अकरा जणांच्या पायावरही मारला होता, ते आत्ता मावशीच्या आवाजात कळलं. तो घाबरला. आणि घाबरल्यावर त्याला जे येत होतं तेच त्यानं केलं.

"राजा, तुला लाल रंग दिसत होता?"

"हो."

"तू किती टिकल्या लावल्यास?"

"पाच. हिरव्या."

"आणि लाल?"

राजानं खिशातून पट्टीचा तुकडा काढून त्याच्या हातावर ठेवला. वकिलानं बोट फिरवलं. पाच. म्हणजे एकोणसाठांतल्या पंचावन्न यांच्या स्वतःच्या. साऱ्या शहरात चारच माणसांनी त्यांना नको म्हटलं होतं.

"म्हणजे तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"शंका होती. मी सांगत होतो."

"ओरडलास? मावशीचा हात धरलास? कोणाला कानात सांगितलंस?"

"तुम्ही गप म्हणालात."

"मी गप म्हणालो. घर पेटलं असतं आणि मी गप म्हणालो असतो, तर बसला असतास? आठ दिवस खिशात ठेवून हिंडलास. आम्ही अकरा जण आंधळे, आम्ही फसलो. तू डोळा असून पाहत राहिलास."

राजानं तोंड उघडलं, पण त्याला वाद घालता येत नव्हता. कधी घालूच दिला नव्हता.

"अरे, एक शब्द बोलायचास रे," मावशी म्हणाली. मग दुसरा बोलला, मग तिसरा. कोणी म्हणालं, याला पहिल्यापासून आपला राग होता. कोणी म्हणालं, आपण हसायचो त्याचा सूड घेतला. चोर सोडून संन्याशाला फाशी जात होती, हे तिथं एकट्या चोरालाच ठाऊक होतं. वकिलाला लाज वाटली. पण सुटल्याचं समाधान त्याहून मोठं होतं. असा खटला त्यानं आजवर जिंकला नव्हता.

राजानं दाभण जागेवर ठेवलं, डबा पिशवीत घातला आणि तो वेळेआधीच निघून गेला. कोणी हाक मारली नाही.

साडेपाचला बाकीचे बाहेर आले. फुटपाथच्या कडेला नेहमीसारखी रांग लागली. मावशीचा हात वकिलाच्या खांद्यावर पडला, तिच्या मागे नऊ जण. वकिलाचाही हात सवयीनं पुढे झाला आणि तसाच राहिला. समोरून वाहनं जात होती, जवळची, लांबची, एकात एक मिसळलेली. राजा पलीकडे उभा राहून बघतोय की घरी गेलाय, हे सांगणारं त्यांच्यात आता कोणी नव्हतं.

आवाज थोडा कमी झाल्यासारखा वाटला.

"वकील, रस्ता मोकळा आहे का?" मावशीनं विचारलं.

"बहुतेक," वकील म्हणाला.