डोळ्यांतले डाग

"वर बघ," म्हणत नबागाला आत्याने नासोलोची पापणी उचलली आणि चुरडलेल्या पाल्याचा रस डोळ्यात पिळला.

नासोलो कळवळली. तिच्या दोन्ही डोळ्यांत, बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागावर लहानपणापासून मातकट डाग होते, चहाचे शिंतोडे उडावेत तसे. उद्या तिच्या होणाऱ्या नवऱ्याची, लुबेगाची माणसं रीतीप्रमाणे मागणी घेऊन येणार होती. अंगणात मांडव घातला होता. मुलीला लग्नासाठी घडवणं त्यांच्यात आत्याचं काम, म्हणून तिला एकच घोर लागला होता. त्यांच्याकडच्या बायका म्हणतील, भाची आजारी आहे, आत्याचं लक्ष कुठं होतं?

"झोंबतंय गं, आत्या."

"झोंबू दे. घाण निघतेय."

घाण निघाली नाही. दुपारपर्यंत डोळे मात्र लालबुंद झाले, तेव्हा दोघी मोटरसायकलवर बसून दवाखान्यात गेल्या. नर्सने डोळे धुतले, बॅटरीच्या उजेडात निरखले.

"पाला कुणी घातला?"

आत्या कमरेला बांधलेल्या कापडी पट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"डाग जावेत म्हणून," नासोलो हळूच म्हणाली.

"अगं, तो तुझ्या कातडीचाच रंग आहे, डोळ्यावर थोडा उतरलेला. आपल्याकडे कितीतरी जणांना असतो. एखादा ठिपका वाढायला लागला, तर दाखवायला ये. आणि पाला बकरीला घाला."

नासोलोला हसू आलं. आत्याला आलं नाही. गुडघे टेकून नमस्कार करायला भाचीला तिनेच शिकवलं होतं. पाहुण्यांसमोर नजर खाली ठेव, हे घरोघरी प्रत्येक मुलीला सांगतात. 'तुझे डोळे मळके आहेत' हे तिने फक्त नासोलोला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. पांढऱ्या झग्यांतले पुरुष मांडवात रांगेने बसले. त्यांच्यातून नवरा हुडकून त्याच्या छातीवर फूल लावायचं, हा मान आत्याचा. त्याला जणू कधी पाहिलंच नाही, असं दाखवायचं.

"आत्याबाई, मीच तो! लावा फूल!" एक टकला ओरडला.

"तुझ्यासाठी म्हातारी शोधते, थांब जरा."

मांडव हसला. आत्या लुबेगापुढे गुडघ्यांवर बसली. मागे एकदा तो तिच्या घरी येऊन गेला होता. पण नासोलो मान वर करत नाही ना, यावरच तेव्हा आत्याची सगळी नजर होती. आज तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या डोळ्यांत नासोलोपेक्षाही गडद डाग होते. आणि तो थेट आत्याकडे बघत होता, दिलखुलास हसत.

फूल लावताना टाचणी तिच्याच बोटात रुतली. फूल लावल्यावर आनंदाची आरोळी ठोकायची, तीही ती विसरली. मागच्या बायकांनीच ठोकली.

आतल्या खोलीत नासोलो चटईवर बसून बोलावण्याची वाट पाहत होती. आत्या तिच्याजवळ टेकली.

"त्याचे डोळे... तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

नासोलो चटईची कड चाचपत राहिली. "पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला वाटलं, याला आत्या नसणार."

बाहेर ढोल सुरू झाला. बायका नासोलोला हाका मारू लागल्या. आत्याने तिची हनुवटी दोन बोटांनी अलगद उचलली.

"वर बघ," ती म्हणाली.

नासोलोने वर पाहिलं, तेव्हा आत्याचीच नजर चटईवर होती.