बंद नळावरचा आकडा

मी एक दाबमापक बोलतोय. पितळेचा, तळहाताएवढा गोल, तोंडावर काच, आत पांढरी तबकडी आणि तिच्यावर काळा काटा. तबकडीवर शून्यापासून दहापर्यंत आकडे आहेत. पाण्याचा किंवा वाफेचा दाब किती ते मी सांगतो. आमच्या धंद्यात दाबाला किलोच म्हणतात. बटाटेही किलोनेच मोजतात हे मला फार उशिरा कळलं, आणि तेव्हा थोडं वाईट वाटलं.

माझ्या पोटात एक वाकडी नळी आहे. दाब आला की ती सरळ व्हायला बघते आणि तिच्या ओढीने काटा फिरतो. एवढीच माझी विद्या. जिथे माझा जन्म झाला त्या कारखान्यात एका बाईंनी चिमट्याने माझा काटा बसवला, मला एका मोठ्या दाबमापकाशेजारी लावलं आणि दोघांचे आकडे जुळेपर्यंत मला सोडलं नाही. तेव्हापासून मी खोटं बोललेलो नाही. हे फुशारकीने सांगत नाही. मला खोटं बोलताच येत नाही.

माझी उमेदीची वर्षं कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात बॉयलरच्या खोलीत गेली. तिथला बॉयलर सांभाळणारा माणूस दर पंधरा मिनिटांनी माझ्यासमोर यायचा, काचेवर नखाने दोनदा टिचकी मारायचा आणि काटा हलला नाही की मान डोलवायचा. त्याला सगळे काटामास्तर म्हणत. त्याच्या खोलीत स्थिर काटा म्हणजे सगळं ठीक आणि हलणारा काटा म्हणजे धावपळ. तीस वर्षं त्याने हेच पाहिलं. टिचकीचा मला मनापासून राग यायचा, पण माझ्याकडे इतकं नीट बघणारा दुसरा कुणी मला आयुष्यात भेटला नाही, हेही खरं.

काटामास्तर निवृत्त झाले त्याच वर्षी ती पाइपलाइन बदलली. जुन्या सामानातून त्यांनी मला मागून घेतलं. घरी आणून फडक्यात गुंडाळलं, खणात ठेवलं आणि विसरून गेले. सहा वर्षं मी मोजे, जुन्या किल्ल्या आणि एका बंद पडलेल्या टॉर्चबरोबर काढली. टॉर्च फार कुरकुरा होता.

मला बाहेर काढलं ते एका डॉक्टरांमुळे. काटामास्तरांची एक किडनी पूर्वीच काढून टाकली होती. उरलेल्या एकीत पुन्हा खडे धरू लागले. डॉक्टर म्हणाले, "रोज तीन लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे. ही किडनी गेली तर दुसरी नाही, एवढं लक्षात ठेवा."

आता त्या घरात तीन लिटर पाणी पिणं म्हणजे शिक्षाच. घर तिसऱ्या मजल्यावर, गल्लीच्या अगदी शेवटच्या टोकाला, चढावर. पाणी थेट मोठ्या लाइनीतून यायचं आणि इतकं खारट की दोन घोटांवर तिसरा घशाखाली उतरत नसे. सूनबाई शाळेत गणित शिकवते. तिने ठरवलं, पाणी गोड करणारं आरओ मशीन घ्यायचं, म्हणजे बाबा पितील.

मशीन बसवणारी फिटरबाई आधी घर बघायला आली. तिने स्वयंपाकघरातला नळ सोडला, धारेखाली बोट धरलं आणि म्हणाली, "काका, दाब कमी वाटतोय. तुम्ही पंपवालं मशीन घ्या. बिनपंपाच्याला निदान तीन किलो तरी लागतो. आतल्या जाळीतून पाणी रेटायचं तर मागून जोर हवा ना."

"वाटतोय?" काटामास्तर म्हणाले. "दाब वाटत नसतो बाई, मोजायचा असतो. आणि पंप मला नको. तीस वर्षं मोटारींची घरघर ऐकलीय. आता स्वयंपाकघरात तरी शांतता असू दे."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला खणातून काढलं. आटे जुळवून मला नळाच्या तोंडावर आवळलं आणि नळ पूर्ण सोडला. पाण्याला बाहेर जायला वाटच नव्हती, मीच बूच होऊन बसलो होतो. गल्लीत सगळे झोपलेले, कुणाचाही नळ चालू नाही. माझा काटा सव्वातीनवर जाऊन उभा राहिला. टिचकी, पुन्हा टिचकी. काटा हलला नाही. बॉयलरच्या माणसाला आणखी काय पाहिजे?

फिटरबाईने तो आकडा ऐकला आणि कपाळावर आठी घातली. "काका, हा आकडा नळ बंद असल्यासारखाच झाला. मशीनमध्ये पाणी वाहणार, थांबणार नाही. सकाळी नऊला, सगळी गल्ली पाणी भरते तेव्हा, शेजारचा नळ सोडून मोजा की."

"मी काट्याकडे बघत तीस वर्षं काढली. तुमचं वय तरी आहे का तेवढं?"

"छत्तीस आहे, काका."

काटामास्तरांचा मुलगा शेजारीच उभा होता, तो हसला. काटामास्तर हसले नाहीत. घरात त्यांचा शब्द मोडायची पद्धत नव्हती. बिनपंपाचं मशीन आलं.

मी तेव्हा ओरडायला हवं होतं. पण मला जेवढं विचारतात तेवढंच मी सांगतो. नळ बंद ठेवून विचारलं, तर बंद नळाचं उत्तर देतो. माझं उत्तर खरं होतं आणि तरी त्याने घात केला.

काटामास्तरांनी मला मोठ्या अभिमानाने ओट्यावरच्या खिळ्याला अडकवलं. त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. मशीनमधून गोड पाणी यायचं ते शिवणाच्या दोऱ्याएवढं, आणि तेही अडखळत. वाया जाणाऱ्या पाण्याची नळी मात्र खळखळून वाहायची. सूनबाई त्या पाण्याने लादी पुसायची. एवढी स्वच्छ लादी त्या घरात आधी कधी नव्हती. "थेंबे थेंबे तळे साचे," असं मुलगा एकदा म्हणाला. काटामास्तरांनी नुसतं बघितलं.

सूनबाई रोज सकाळी बाबांच्या एकेक लिटरच्या तीन बाटल्या आधी भरायची. मग नवऱ्याच्या, मग लेकीची. स्वयंपाकालाही तेच पाणी. तिच्या स्वतःच्या बाटलीची पाळी येईपर्यंत मशीनच्या टाकीत खडखडाट असायचा. मग ती इकडेतिकडे बघून आपली बाटली नळाला लावायची आणि शाळेत जायची. तोंड वाकडं करत प्यायचीही, पण बोलायची नाही.

एकदा काटामास्तरांनी ते दारातून पाहिलं. तेही बोलले नाहीत. त्या दिवसापासून दुपारी घर रिकामं झालं की ते ओट्यापाशी येत, आपल्या बाटल्या उघडत आणि त्यातलं गोड पाणी सगळ्यांच्या पिण्याच्या स्टीलच्या पिंपात ओतत. स्वतःसाठी अर्धी बाटली ठेवत. संध्याकाळी तीन रिकाम्या बाटल्या ओट्यावर ओळीने उभ्या. सूनबाई त्या मोजायची आणि खूश व्हायची.

"आजकाल पिंपात पाणी उरतं हो," ती नवऱ्याला म्हणाली. "मशीन रुळलं वाटतं."

मशीन कसलं रुळतंय! मी खिळ्यावर लटकून सगळं बघत होतो. त्या वेळी मला वाचा असती तर मी घर डोक्यावर घेतलं असतं.

तीन महिन्यांनी, एका सकाळी काटामास्तर दाढी करता करता खाली बसले आणि त्यांना उठताच येईना. पाठीतून कळ येत होती. खडा किडनीच्या तोंडाशी अडकला होता. चार दिवस घरात नातीच्या पावलांशिवाय आवाज नव्हता. रुग्णालयात डॉक्टरांनी आत नळी घालून वाट मोकळी केली. किडनी वाचली, पण तिचा काही भाग कायमचा कामातून गेला. डॉक्टर सूनबाईवरच घसरले, "हे गृहस्थ दिवसाला एक लिटरसुद्धा पाणी पीत नाहीत."

"मी रोज तीन बाटल्या मोजते!" हे सांगताना तिला रडू कोसळलं, असं मुलाने घरी शेजारणीला सांगितलं तेव्हा मला कळलं.

घरी आल्यावर तिने पहिलं काम केलं ते मापाचं भांडं मशीनखाली लावण्याचं. एक लिटर भरायला तीन तास लागले. मग ओट्यावरच कागद घेऊन बसली. दिवसाला येतं आठ लिटर. बाबांचे तीन, नवऱ्याचे दोन, तिचे स्वतःचे दीड, लेकीचा एक, स्वयंपाकाला साडेतीन. जातं अकरा लिटर. तिने बेरीज दोनदा तपासली. "येतं आठ, जातं अकरा. इथं कुठंतरी पाणी मुरतंय," ती स्वतःशीच म्हणाली आणि तिने फिटरबाईला फोन लावला.

फिटरबाई सकाळी नऊला आली. काटामास्तर आदल्याच दिवशी घरी आले होते, खुर्चीत शाल घेऊन बसले होते. तिने मला खिळ्यावरून काढलं, नळाला दोन तोंडांचा जोड लावून एका तोंडावर मला बसवलं आणि दुसरं तोंड मोकळं सोडलं. पाणी वाहू लागलं. खाली सगळी गल्ली पाणी भरत होती. माझा काटा घसरला तो पाऊण किलोवर येऊन थांबला.

काटामास्तर पुढे झुकले. "हा काटा म्हातारा झालाय," ते म्हणाले. "बिघडलाय."

नाचता येईना, अंगण वाकडं! इतक्या वर्षांची ओळख, आणि हे ऐकायचं? मला फार लागलं ते. फिटरबाईने पिशवीतून स्वतःचा नवाकोरा दाबमापक काढला आणि माझ्या जागी लावला. पाऊण किलो.

काटामास्तरांनी मला मागून घेतलं, शालीच्या टोकाने माझी काच पुसली आणि म्हणाले, "चूक काट्याची नाही. माझी आहे."

"आणि पाण्याचं काय केलंत, बाबा?" सूनबाईने विचारलं. "खरं सांगा."

"पिंपात ओतत होतो."

"का?"

"तू नळाचं पीत होतीस. मी पाहिलं."

"अहो, मी धडधाकट आहे!" ती ओरडलीच. त्या घरात त्यांच्यासमोर आवाज चढवलेला मी पहिल्यांदा ऐकला. "तुम्हाला किडनी एकच आहे बाबा, एकच!"

"सूनही एकच आहे," काटामास्तर म्हणाले. "चूक मी करायची आणि खारट पाणी तू प्यायचं? मला ते गिळवेना. पंप लावा असं म्हणायला मात्र तोंड उघडलं नाही. जीभ जड झाली माझी."

सूनबाई रडता रडता चिडलेली होती आणि चिडता चिडता रडत होती. फिटरबाईने उगाचच पान्हे पुसायला घेतले.

थोड्या वेळाने काटामास्तरांनी तिलाच विचारलं, "कुठला पंप घेऊ? तुम्हीच सांगा."

"विजेवरचा," ती म्हणाली. "बिनविजेचाही एक मिळतो. तो वाया जाणारं पाणी वाचवतो, पण आत येणारा दाब वाढवत नाही. तुमचं दुखणं दाबाचंच आहे. आणि लाइनीचं पाणी गेलं की आपोआप बंद पडणारा घ्या, नाहीतर कोरडा फिरून जळेल. थोडी घरघर होईल, काका."

"होऊ दे," ते म्हणाले. "घरघर म्हणजे काम चालू आहे."

पंप बसला त्या दिवशी माझीही कायमची सोय लागली. पंप आणि मशीन यांच्या मधल्या नळीवर, ओट्याखालच्या कपाटात. पंप चालू झाला आणि मी साडेचार किलोवर गेलो. वाया जाणाऱ्या नळीचा खळखळाट कमी झाला. टाकी तासाभरात भरली. कपाटाचं दार अजून उघडं होतं. सूनबाईने दोन ग्लास भरले, एक त्यांना दिला आणि दुसरा घेऊन समोर बसली. काटामास्तरांचा हात सवयीने पिंपाकडे वळला. "ते भरलंय, बाबा," ती म्हणाली. "प्या." ते प्यायले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्याला आता सात महिने झाले. काच जराशी धुरकट झालीय, कपाटात साबणाचा वास असतो, शेजारी घासणीचा डबा आहे. टिचकी मारायला कुणी येत नाही. तुमच्या घरी असं मशीन घ्यायची वेळ आली, तर माझ्यासारख्या कुणाला तरी एकदा नळाला लावा. फक्त नळ वाहता ठेवून विचारा, आणि गल्ली जागी असताना विचारा. आमच्याकडून खोटं उत्तर येणार नाही.

कपाटाचं दार बंद असल्यामुळे कोण किती पितं ते आता मला दिसत नाही. पण टाकीतलं पाणी उतरलं की पंप चालू होतो आणि मी वर चढतो, त्यावरून कळतं. आज मुलगा कामावर गेलाय. सूनबाई आणि नात शाळेत आहेत. घरात काटामास्तर एकटे, बाटल्या मोजायला कुणी नाही. सकाळपासून माझा काटा चारदा वर गेलाय. आत्ता पाचव्यांदा जातोय.